गिव्ह अप शिकवणाऱ्या नातीस

दिवेआगर,
१८ नोव्हेंबर

मशेरी मी सोडलेली नाही. माझ्या आजीनं मशेरी सोडली, गिव्ह अप केली, असं तू मोबाईलवरून साऱ्या जगाला सांगितलंस. कोणाला विचारून? आज सकाळी ओटीवर बसून लावली, आणि हे लिहिताना पण तोंडात आहे. शिकवायचं तर खरं शिकवावं. खोटी उदाहरणं देणारी मास्तरीण मला नात म्हणून नको.

आता आशीर्वाद. चि. अमिषा हिस आजीचे अनेक आशीर्वाद. इकडे सर्व ठीक. तिकडे तू ठीक नाहीस ते मी पाहिलं, पुढे लिहिते.

काकाचा नंबर दिसला की तू फोन उचलत नाहीस, आणि माझा वेगळा फोन नाही, म्हणून कागद घेतला. माझी शाळा तिसरीपर्यंत, त्यातले निम्मे दिवस भात राखायला गेले. काना-मात्रा चुकल्या तर लाल शाईनं सुधार आणि गप्प बस. पत्ता पूनमनं काढला. मोबाईलवरच्या धड्यात तुझ्या पाठीमागे भिंतीवर क्लासची पाटी लागलेली दिसते, तिच्यावर पनवेलचा पत्ता आहे. पूनम आता आपल्याकडे पैसे देऊन उतरणाऱ्या पाहुण्यांचा स्वयंपाक करते. बारावी झालेली आहे, पण माशाचं कालवण तिला अजून येत नाही.

तुझे सगळे धडे तिच्या फोनवर बघते. रोज एक इंग्रजी शब्द, त्याचे अर्थ, तो कुठं लावायचा. मी आवाज बंद करायला लावते. आवाज नसला की तू भांडत नाहीस आणि बरी दिसतेस. पण गळ्याची हाडं वर आली आहेत. पाव खाऊन दिवस काढतेस ना? खोटं बोलू नकोस, गाल सांगतात.

परवा मात्र पूनम म्हणाली, "आजी, ह्यो आवाजासकट ऐका. ह्याच्यात तुमी हाव."

"मी? मी काय केलं?"

"ऐका तर."

मग ऐकलं. तू फळ्यावर गिव्ह अप लिहिलंस आणि म्हणालीस की ह्या एका शब्दाचे अर्थ पुष्कळ. व्यसन सोडणे. आपली जागा दुसऱ्याला देणे. हार मानणे. हक्क सोडणे. म्हटलं, शब्द एवढासा आणि कामं घरातल्या थोरल्या सुनेएवढी. आपण पण उपास सोडतो, गुरं सोडतो, लाज सोडतो, त्यामुळे मला समजायला जड गेलं नाही. जड गेलं ते पुढचं. प्रत्येक अर्थाला तू उदाहरण दिलंस आणि प्रत्येक उदाहरण ह्या घरातलं.

मशेरीचं वर लिहिलंच.

दुसरं तू सांगितलंस, दिघीहून आगरदांड्याला जाताना बोटीत माझ्या आजीनं आपली बसायची जागा एका लेकुरवाळीला दिली. अगं, मी दिली नव्हती. सुपारीची पाटी कलंडली म्हणून उठले, तेवढ्यात ती बसली. बसली ती बसली, वर पोराला पदराखाली घेतलं. आता उठवणार कशी? आगरदांडा येईपर्यंत उभ्यानं तिला मनातल्या मनात शिव्या घातल्या. तू माझ्या लुगड्याला धरून उभी होतीस, तुला वाटलं आजी मोठी पुण्यवान. हे उदाहरण काढून टाक.

तिसरं वादळाचं. नारळी-सुपारीची अख्खी वाडी आडवी झाली तरी माझ्या आजीनं हार मानली नाही, असं म्हणालीस. शेजारी बसून बघणाऱ्या पूनमच्या सासूनं टाळी वाजवली. अमे, मी हार मानली होती. तुझ्याइतकं ते कोणाला माहीत नाही. सुपारीची झाडं एकावर एक पडलेली, माडाचे शेंडे विहिरीत, आणि मी ओटीवर भिंतीकडे तोंड करून निजलेली. चुलीत लाकूड घातलं नाही. तुझा काका गणराज उडालेले पत्रे शोधत गावभर हिंडत होता. तुझं कॉलेज त्या करोनाच्या साथीपायी बंद, म्हणून तू घरी. तू एकटी कोयता घेऊन वाडीत गेलीस. हाताला फोड घेऊन परत आलीस आणि म्हणालीस, "आजी, विहिरीपर्यंत वाट झाली. चल, पाणी काढूया." ऊठ म्हणाली असतीस तर मी उठले नसते. चल म्हणालीस म्हणून आले. मग केळी लावल्या, केळींच्या सावलीत सुपारीची रोपं लावली, तीही निम्म्याच्या वर तुझ्या हातची. आणि धड्यात शाबासकी मला? तुझं काम माझ्या नावावर चढवू नकोस.

चौथं उदाहरण तू हसून दिलंस. "मी वाडीतला माझा वाटा सोडला," म्हणालीस.

पूनमनं फोन पालथा घातला. मी म्हटलं सरळ कर, चेहरा बघू दे. हसणं गालापर्यंतच होतं.

गणराजानं पण तो धडा पाहिला. जेवताना म्हणतो, "आये, बघितलास? अमीनं सोताच्या तोंडानं सांगितलान. आता श्रीवर्धनच्या कचेरीत दिवस घेतो."

मी म्हटलं, "तिनं मशेरीचंपण सांगितलान. माझ्या तोंडात काय हाय ते बघ."

तो ताटावरून उठला नाही, पण दुसऱ्यांदा भात घेतला नाही.

तो म्हणतो तुला हे नीट समजलेलं नाही. म्हणून मला समजलंय तसं लिहिते. तुझा बाप दत्तात्रेय माझा थोरला, गणराज धाकटा. तुझे आईबाप गेले तेव्हा सातबाऱ्यावर बापाच्या जागी तुझं नाव लागलं. गणराजाला रस्त्याच्या अंगाला पाहुण्यांसाठी आणखी खोल्या बांधायच्या आहेत. बँक म्हणते, आधी वाटेकऱ्यांचं मिटवा. म्हणून त्याला तुझी हक्कसोड पाहिजे. तू सही केलीस की वाडी त्याची, आणि तू ह्या घरची पाहुणी. ह्यात न समजण्यासारखं काय आहे?

सहीची घाई करू नकोस. आणि डाळभात खात जा.

आजी

दिवेआगर,
२ डिसेंबर

पत्राचं उत्तर पत्रानं देतात. तू नवा धडा काढलास.

पत्र पोचलं हे मला त्यावरून कळलं, कारण पहिल्याच वाक्याला म्हणालीस, "मागच्या वेळी काही उदाहरणं चुकली होती, एका जाणत्या बाईनं चूक दाखवली." जाणती कोणाला म्हणतेस गं? पूनम फिदीफिदी हसली. मलाही बरं वाटलं, ते तेवढ्यापुरतंच. कारण पुढे तू त्याच शब्दाला 'ऑन' असं आणखी एक शेपूट लावलंस आणि म्हणालीस, हे कधी वापरायचं? एखाद्या माणसाचं आता काही होणार नाही असं ठरवून त्याचा नाद सोडतात, तेव्हा. आणि उदाहरण दिलंस, माझ्या आजीनं माझी आशा सोडली.

हे वाक्य ऐकून मी पूनमला फोन परत दिला आणि वाडीत गेले. शिपणं झालेलं होतं तरी पुन्हा पाणी सोडलं. केळीच्या बुडात चिखल झाला. गणराज ओरडला, "आये, येड लागलंय काय?" म्हटलं, "व्हय."

अमे, आता ऐक. भाऊबीजेला मी तुझी बॅग अंगणात टाकली. टाकली, ठेवली नाही. तू गाडीत बसेपर्यंत मी दारात आले नाही. तुला वाटलं आजीनं घरातून काढली. काढलीच. पुन्हा तसं झालं तर पुन्हा काढीन.

त्या दिवशी तुला काय दिसत होतं मला माहीत नाही, मला दिसलं ते लिहिते. काकाचा स्वराज पाटावर बसलेला. दिघीच्या बंदरात कामाला लागलेला बाप्या, पण भाऊबीजेला अजून तुझ्यापुढे लहान मुलासारखा मान खाली घालतो. तू त्याला ओवाळलंस. त्यानं खिशात हात घातला, तेवढ्यात गणराज ताट घेऊन पुढे आला. जरीची साडी, नारळ, आणि साडीच्या घडीखाली हक्कसोडीचा कागद. म्हणाला, "अमे, यंदा ओवाळणी तू घाल तुझ्या भावाला." स्वराजच्या तोंडावरचं रक्त उतरलं. त्याला हे माहीत नव्हतं, त्याला बोल लावू नकोस.

ओवाळणी भाऊ घालतो. मी एवढी म्हातारी झाले, बहिणीकडून ओवाळणी मागितलेली कधी पाहिली नाही. आपल्याकडे लेकींना साडीचोळी देऊन हक्क सोडवून घेतात, ते मला नवं नाही. पण ते बसून, बोलून, चार माणसांत होतं. निरांजनाच्या उजेडात, पोरीला भाऊ समोर बसवून, तिच्या मायेवर हात ठेवून कोणी मागत नाही. तिथं नाही म्हणेल अशी बहीण कुठं असते?

तू पेन उचललंस. डोळे भरलेले. कागद वाचलास पण नाहीस. इंग्रजीची मास्तरीण, मराठी कागद न वाचता सही करायला निघालीस. म्हणून मी ओरडले, "ऊठ. पनवेलची गाडी चुकेल. चालती हो." गाडीला पुष्कळ वेळ होता. रडत असलेल्या बाईच्या हातात मी पेन ठेवत नाही, एवढंच.

ह्याला आशा सोडणं म्हणतात का? तुझ्या इंग्रजीत ह्याला वेगळा शब्द असेल तर तो शिकव पुढच्या धड्यात.

तू सही का करत होतीस तेही मला कळतं. तुला जमिनीचं काय करायचं आहे म्हणून नाही. तुला वाटतं, वाटा धरून ठेवला तर काका तोंड फिरवील, स्वराजची भाऊबीज बंद होईल, उन्हाळ्यात यायला घर राहणार नाही. आईबाप नसलेल्या पोरीला एक घर पाहिजे असतं. ते राहावं म्हणून तू वाडी द्यायला निघालीस.

मी पण दिली होती. मुरुडच्या बाजूला माझ्या बापाची जमीन होती, भाताची. बाप गेला तेव्हा भाऊ चंदर साडी घेऊन आला. मी कागदावर अंगठा केला, सही येत असून. सही केली असती तर वाचायला लागलं असतं. चंदर चांगला होता. तो होता तोवर मी बोटीतून उतरायची आणि तो जेटीवर उभा असायचा, हातात माझ्यासाठी मासळीची पिशवी. त्याचं कधी काही चुकलं नाही. मग तो गेला. वादळाच्या आदल्या वर्षी मी भाच्याकडे गेले, आठवतं? तुला सांगितलं होतं, सगळं छान झालं. पुढचं सांगितलं नव्हतं. भाचा भला आहे, पाया पडला, खुर्ची दिली. मग बायकोला विचारल्यासारखं करून मला विचारतो, "आत्या, जेवून जाणार का?"

ज्या घरात मी रांगले त्या घरात मला जेवून जाणार का विचारलं. म्हटलं, नाही रे बाबा, घाई आहे. आगरदांड्याच्या स्टँडवर वडापाव खाल्ला. तिखट होता.

भाच्यानं काही वाईट केलं नाही. पाहुण्याला असंच विचारतात. मी पाहुणी झाले होते आणि ते मीच केलं होतं, अंगठा लावून. घर चंदरमुळं होतं, माझ्या सोडण्यामुळं राहिलं नव्हतं. हे तुला कोणी सांगणार नाही, म्हणून मी सांगितलं.

गणराजानं येत्या सोमवारचा दिवस घेतलाय. तुला निरोप पोचला असेल. मला पण गाडीत घालून नेणार आहे, माझी पण सही पाहिजे म्हणतो. तू येऊ नकोस. क्लासला सुट्टी टाकू नकोस, गाडीत बसू नकोस, श्रीवर्धनला पाय ठेवू नकोस. मी बघून घेते.

आजी

ता. क. त्या धड्यात तू पिवळा ड्रेस घातला होतास. तो तुला शोभत नाही. निळा घाल.

दिवेआगर,
९ डिसेंबर

कालचं लिहिते.

सकाळी गणराजानं गाडी काढली. मी नऊवारी नेसले, नाकात नथ घातली. तो म्हणाला, "आये, कचेरीत चाललोय, लग्नाला न्हाय." म्हटलं, "तुझ्या बापाची वाडी चाललीय, नटून गेलेलं बरं."

कचेरीच्या बाकड्यावर आम्ही दोघं बसलो. वकील दत्तासारखा उभा. गणराज दर एसटीला उठून रस्त्यापर्यंत जायचा आणि परत यायचा. मी मशेरीची डबी आणली होती पण लावली नाही, सरकारी जागा. मनात म्हणत होते, येऊ नये, येऊ नये. आणि प्रत्येक गाडी थांबली की मान मात्र तिकडं वळायची. तू उतरली असतीस तर मी रागावले असते आणि बघून घेतलं असतं तुला, दोन्ही.

मग गणराजाचा फोन वाजला. तुझा निरोप होता. त्यानं वाचून दाखवला. "काका, मी येत नाही. आजीला विचारा."

त्यानं माझ्याकडं बघितलं. वकिलानं बघितलं. शेजारी बसलेल्या परक्या बाईनं पण बघितलं.

"सांग, आये," तो म्हणाला, "काय सांगतेस? ती वाटा सोडते का न्हाय?"

आणि अमे, माझ्या तोंडात उत्तर तयार होतं. न्हाय सोडत, म्हणायचं आणि उठायचं. तोंड पण उघडलं होतं त्यासाठी. पण ते बाहेर पडलं नाही. कारण आधी तो विचारतो मला, आणि मी सांगते तुझ्यावतीनं, मग ह्या कचेरीत आणि भाऊबीजेच्या पाटावर फरक काय राहिला? त्यानं तुझा हात धरून सही करायला बसवलं. मी तुझी बॅग फेकून तुला गाडीत घातलं. मागच्या पत्रात पण तुझी ये-जा मीच ठरवली. दोघांनी तुझे हात धरले आणि तुझं तोंड तसंच बंद राहिलं. तुझी भाषा चांगली चालते म्हणे, साऱ्या पनवेलला बोलायला शिकवतेस.

मी म्हटलं, "मला विचारू नको. वाटा तिचा हाय."

"पण तिनंच सांगितलान तुला विचारायला!"

"मग तिला सांग, म्हातारी उत्तर देत न्हाय."

येताना त्यानं गाडी किनाऱ्याला लावली. उतरला नाही. स्टेअरिंगवर हात ठेवून बसला. मग म्हणतो, "आये, मी चोर हाय का?"

मी त्याच्याकडं नीट बघितलं. कानामागचे केस पांढरे झालेत, मला कळलंच नव्हतं. वादळानंतर ह्या घरावर पहिला पत्रा त्यानं चढवला, ते तूही पाहिलंस. लोकांच्या चादरी धुवून, लोकांच्या मुलांनी भिंतीवर काढलेल्या रेघा पुसून त्यानं हे चालवलंय. तुझी फी त्यानं भरली आणि कधी बोलून दाखवलं नाही. ते मी बोलून दाखवते, कारण उत्तर देताना तुला ते पण माहीत असायला हवं.

"चोर न्हायस," मी म्हटलं. "घाईत हायस. आणि घाबरलायस. तिला सरळ विचारलंस आणि ती न्हाय म्हणाली तर काय, ह्याला घाबरलास. म्हणून ताट आणलंस."

मग म्हणाला, "न्हाय म्हणाली तर खोल्या होणार न्हायत."

"न्हाय होणार."

"आणि ती हो म्हणाली तर?"

"तर मला वाईट वाटेल आणि मी सही करीन."

हे मी खरंच म्हटलं. मागचं पत्र मी तुला नाही म्हणायला लावण्यासाठी लिहिलं होतं, ते तुला कळलं असेलच. माझं मत अजून तेच आहे आणि मरेपर्यंत तेच राहील. पण माझं मत तुझ्या तोंडात घालून मी बाकड्यावरून उठले नाही, एवढं लक्षात ठेव. तू हो म्हण, नाही म्हण, निम्मा देते म्हण, बापाच्या बाजूची सुपारी माझी आणि रस्त्याकडचं तुमचं म्हण. काहीही म्हण. आजीला विचारा म्हणू नकोस. ते ऐकून मला बाकड्यावर बसवत नव्हतं. तू माझी आशा सोडलीस असं वाटलं मला, तुझं शेपूटवालं वाक्य उलटं.

गणराज तुला फोन लावणार होता, मी त्याला अडवलं. तू लावशील म्हटलं. त्याचा फोन आता ओटीवर ठेवलेला असतो, पूनमच्या सूप-पाट्यांशेजारी, आणि तो वाडीत गेला तरी दर थोड्या वेळानं येऊन बघून जातो. मला दाखवायला पाणी पितो. एवढं पाणी तो कधी पीत नाही.

ह्या पत्राला मला उत्तर पाठवू नकोस. नवा धडा पण काढू नकोस. विचारलंय काकानं, विचारलंय तुला. आधी जेव, मग फोन लाव. तो उचलेल तेव्हा मी शेजारीच असेन, पण मध्ये एक अक्षर बोलणार नाही. रडू आलं तर फोन ठेव आणि रडणं झालं की परत लाव, तो थांबेल, त्याला तसं सांगून ठेवलंय.

उत्तर तू द्यायचंस.

आजी